रणपदकांचा मान आणि कायदा

अहमदनगर जिल्ह्याच्या इतिहासाची गोष्ट निघाली म्हणजे बोलणारा बहुधा भुईकोट किल्ल्यापासून आरंभ करतो. निजामशाही, चांदबिबीनें केलेलें किल्ल्याचें रक्षण, १८०३ सालीं वेलस्लीनें घेतलेला तोच किल्ला आणि १९४२ सालीं त्याच तटाआड कोंडलेले राष्ट्रीय सभेचे पुढारी, एवढीं पानें उलटलीं कीं नगरचा इतिहास संपला असें आपण समजतों. २०२४ सालीं सरकारदप्तरीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर असें झालें. परंतु इतिहास सांगण्याची ही रीत कांहीं पालटलेली नाहीं. ह्या जिल्ह्यांतील निमज नांवाचें खेडें त्या हकीकतींत सहसा येत नाहीं. तें यावयास पाहिजे. पराक्रमाची कथा म्हणून तर यावेंच. पण राज्य बदललें म्हणजे त्या राज्यानें दिलेल्या मानाचें काय होतें, आणि कायदा अशा मानाचें रक्षण कितपत करूं शकतो, ह्या प्रश्नाचा विचार करण्यास निमजच्या पदकासारखें दुसरें उदाहरण आपल्या मुलखांत क्वचितच सांपडेल.

निमजच्या एका शेतकरी कुटुंबांत १८ नोव्हेंबर १९२१ रोजीं नामदेव जाधव यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धांत ते पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणींत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजीं ही पलटण इटलींत सेनिओ नदीवर चढाई करीत होती. नदीचें पात्र कांहीं मोठें नाहीं, परंतु पुराचें पाणी अडविण्यासाठीं दोहों तीरांस उंच बांध घातलेले असून त्या बांधांच्या पोटांतच जर्मनांनीं मशीनगनांचे मोर्चे खोदून ठेविले होते. पूर्वेकडील बांधावरच्या माऱ्यांत जाधवांचे सोबती जखमी होऊन पडले. निरोप नेण्याआणण्याचें काम करणारा हा तेवीस वर्षांचा शिपाई एका जखमी सोबत्यास घेऊन खोल पाण्यांतून, उभ्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून सुरक्षित जागीं पोंचला. मग परत जाऊन दुसऱ्यासही त्याच वाटेनें घेऊन आला. येथवर जें झालें त्यासच एखादें पदक पुरेसें होतें. परंतु तो तिसऱ्यांदा नदी उतरला आणि पहिला मोर्चा त्यानें आपल्या टॉमीगननें बंद पाडला. हातास गोळी लागून बंदूक चालविणें अशक्य झालें, तेव्हां ती टाकून देऊन त्यानें हातबाँब घेतले व आणखी दोन मोर्चे उडविले. मध्यंतरीं बाँब सरले म्हणून बांधाच्या माथ्यावर सरपटत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून ते पुन्हां मागून घेतले. शेवटीं तोफगोळ्यांचा मारा चालू असतांना बांधावर उभा राहून मराठ्यांची रणगर्जना करीत त्यानें मागच्या कंपन्यांस हात करून नदीपार बोलाविलें.

ह्या कृत्याबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि जून १९४५ मध्यें लंडनच्या गॅझेटांत तसें जाहीर झालें. त्याच महायुद्धांत त्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीचे यशवंत घाडगे यांस १० जुलै १९४४ रोजीं इटलींतच टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत वीरमरण आलें व त्यांसही मरणोत्तर तोच क्रॉस मिळाला. ते माणगांव तालुक्यांतले, तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतले. निमजच्या शिपायाचें नांव इंग्रजी याद्यांत 'जादव' असेंही छापलेलें आढळतें. रोमन लिपींतून मराठी आडनांव लिहितांना एक अक्षर गळालें, आणि कांहीं याद्यांत तें तसेंच राहिलें. ही गोष्ट क्षुल्लक दिसते. पण पदकांच्या बाबतींत अक्षरांचें महत्त्व किती आहे हें पुढें दिसेलच.

आतां काळाचा योगायोग पाहावा. ज्या वर्षांत निमजचा हा तरुण इटलीच्या लढाईंत होता, त्याच वर्षांत त्याच्याच जिल्ह्याच्या किल्ल्यांत नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव प्रभृति मंडळी बंदिवासांत होती. नेहरूंनीं आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ ह्याच बंदिवासांत लिहिला. १९४५ च्या मार्चअखेर त्यांस तेथून हलविण्यांत आलें, आणि त्यानंतर दोन आठवडे होण्यापूर्वींच सेनिओवरील लढाई झाली. एकाच जिल्ह्याच्या भूमीवरून पाहिलें तर हे दोन मार्ग परस्परांकडे पाठ करून जातांना दिसतात: एकांस राजानें तुरुंगांत घातलें, दुसऱ्यास राजानें छातीवर क्रॉस लाविला. दोन वर्षांनीं राज्य गेलें आणि तुरुंगांतली मंडळी सत्तेवर आली. अशा वेळीं त्या क्रॉसचें काय व्हावें? हा प्रश्न एका माणसापुरता नव्हता. मराठा, महार व इतर अनेक ज्ञातींच्या हजारों घरांत राजाच्या तोंडवळ्याचीं पदकें पेटींत पडलेलीं होतीं, आणि बाहेर त्या राजाचे पुतळे चौकांतून हलविले जात होते.

ह्या प्रश्नाचें उत्तर समजण्यास थोडें मागें जावें लागतें. आपल्याकडे लढाईंतील पराक्रमाचा गौरव पूर्वीं होत नव्हता असें नाहीं. मानाचें कडें, तोडा, वस्त्रें, तरवार, पालखीचा मान, आणि त्या सर्वांवर जमीन, ही मराठशाहीची रीत होती. पण कडें किंवा तोडा ही केवळ वस्तू. घराण्याचा खरा आधार म्हणजे सनद. ज्याच्या पेटींत सनद त्याचा मान टिकला. इंग्रजी अंमल आल्यावर ही गोष्ट फार कठोरपणें सिद्ध झाली. १८५२ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत इनाम कमिशन बसलें, आणि ज्यांस कागद दाखवितां आले नाहींत त्यांचीं इनामें पूर्वजांच्या शौर्याकडे न पाहतां खालसा झालीं. वाळवी लागलेल्या दप्तरापायीं गांवें गेलेलीं घराणीं महाराष्ट्रानें पाहिलीं आहेत. राज्य बदललें तर नवें राज्य जुन्या मानास ओळख देईल ती कागद पाहूनच देईल, हा धडा त्या काळचा आहे.

पदक ही युरोपची चाल. तिचा हिंदुस्थानांतील आरंभ मात्र मराठ्यांच्याच युद्धाशीं निगडित आहे, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. १७७८ पासून १७८४ पर्यंत पश्चिम हिंदुस्थानांत व कर्नाटकांत लढलेल्या हिंदी शिपायांसाठीं कंपनी सरकारनें 'दख्खन पदक' पाडलें. वरिष्ठ हिंदी अंमलदारांस तें सोन्याचें व शिपायांस चांदीचें दिलें. गंमत अशी कीं तें गोऱ्यांस दिलेंच नाहीं! मोहिमेचें पदक सर्वांस सरसकट देण्याची कल्पना तेव्हां विलायतेंतही रुजलेली नव्हती. हिंदी शिपायाची निष्ठा मात्र विकत घ्यावी लागत होती, म्हणून त्यास तें आधीं मिळालें, असा माझा तर्क आहे.

१८३७ सालीं कंपनीनें 'ऑर्डर ऑफ मेरिट' नांवाचा शौर्यसन्मान काढला. त्याचे तीन वर्ग होते व शिपायानें तिसऱ्यापासून वर चढावयाचें असे. ह्या सन्मानाची घडण पाहण्यासारखी आहे. तिसऱ्या वर्गास पगाराच्या एक तृतीयांश, दुसऱ्यास दोन तृतीयांश आणि पहिल्यास पूर्ण पगाराएवढी जादा रक्कम मिळे. आणि धनी वारला तर विधवेस ती तीन वर्षें चालू राही. म्हणजे पदक हें वेतनाची सनदच होतें. इंग्लंडांत व्हिक्टोरिया क्रॉस २९ जानेवारी १८५६ रोजीं सुरू झाला. परंतु हिंदी शिपायास तो मिळण्यास १९११ सालचा दिल्ली दरबार उजाडावा लागला. दरम्यान पंचावन्न वर्षें एकाच खंदकांत, एकाच गोळीपुढें उभे राहिलेल्या दोघांपैकीं गोऱ्यास एक पदक व काळ्यास दुसरें, असा न्याय चालला. १९११ च्या फर्मानांत पैशाचीही तजवीज होती: हिंदी अंमलदारास सालीना ५२५ रुपये, शिपायास १५०, आणि त्यांच्या मागें विधवेस मरेपर्यंत किंवा पुनर्विवाह करीपर्यंत तीच रक्कम. ह्या शेवटच्या अटींत त्या काळचें सारें समाजशास्त्र आलें. त्यानंतर तीन वर्षांनीं, ३१ ऑक्टोबर १९१४ रोजीं, खुदादाद खान यांनीं बेल्जममध्यें गाजविलेल्या शौर्याबद्दल हिंदी शिपायाच्या नांवावर पहिला क्रॉस नोंदला गेला.

मोहिमेच्या पदकांची कथा ह्याहून उदास आहे. १७९९ पासून १८२६ पर्यंतच्या लढायांसाठीं 'आर्मी ऑफ इंडिया' पदक मंजूर झालें तें १८५१ सालीं, आणि तेंही केवळ हयात असलेल्यांस! असई, अडगांव, गाविलगड, खडकी, कोरेगांव ह्या लढायांच्या पट्ट्या त्या पदकाच्या फितीवर आहेत. असईस लढलेला शिपाई तें मागावयास अठ्ठेचाळीस वर्षें जगलेला असला पाहिजे. शिवाय असईच्या आधींच महिनाभर जो नगरचा किल्ला पडला, ज्याच्या पेठेच्या तटावर शिड्या लावतांना माणसें मेलीं, त्याच्या नांवाची पट्टीच नाहीं. नगर हें सरकारच्या दृष्टीनें पदकास पात्र ठरलें नाहीं. कोरेगांवची पट्टी आहे. पण १ जानेवारी १८१८ रोजीं शिरूरहून रातोरात चालून आलेल्या त्या पलटणींतले किती शिपाई तेहतीस वर्षांनंतर ती घेण्यास उरले असतील? त्यांची खरी नोंद त्या गांवच्या स्तंभावर कोरलेल्या नांवांतच राहिली, आणि पुढें महार समाजानें आपला लष्करी हक्क मागतांना त्या कोरलेल्या नांवांचाच आधार घेतला. पदक गेलें तरी दगडावरचें नांव उपयोगी पडतें, याचें ह्याहून ठळक उदाहरण मला माहीत नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर पदकें खेड्यापाड्यांतून पोंचलीं. एकशें तिसरी, एकशें दहावी व एकशें सतरावी ह्या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत कूतच्या वेढ्यांत सांपडल्या होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत पडल्यावर त्यांतले शिपाई तुर्कांच्या कैदेंत गेले. त्यांतून जे परत आले त्यांस आणि जे आले नाहींत त्यांच्या घरच्यांस युद्धपदक व विजयपदक मिळालें. लढणाऱ्यांचें युद्धपदक चांदीचें होतें. मजूर टोळ्यांतील लोकांस तेंच पदक काशाचें दिलें गेलें. सरकारनें धातूंतही जातिभेद पाळला, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. मात्र एक गोष्ट सर्वांत समान ठेविली: पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव आणि पलटण रोमन अक्षरांत कोरलेली असे.

आतां १९४७ कडे वळूं. स्वातंत्र्य आलें तेव्हां हिंदी सैन्यासाठीं ब्रिटिश शौर्यसन्मान देणें बंद झालें. काश्मीरचें युद्ध मात्र लगेच पेटलें होतें, आणि तेथें लढणाऱ्यांस देण्यास नव्या राष्ट्रापाशीं स्वतःचें एकही शौर्यपदक नव्हतें. २६ जानेवारी १९५० रोजीं परमवीर, महावीर व वीर हीं तीन चक्रें स्थापन झालीं, आणि त्यांचा अंमल १५ ऑगस्ट १९४७ पासून धरला गेला. मागच्या तारखेपासून मान देण्याची ही तजवीज फार विचारपूर्वक केलेली होती. नाहींतर काश्मिरांत पडलेले वीर दोन राज्यांच्या सांध्यांत हरवले असते.

ह्याच सुमारास घटना समितीपुढें पदव्यांचा प्रश्न आला. रावबहादुर, खानबहादुर, सर ह्या पदव्यांनीं देशांत जी लाचारी माजविली होती तिची चीड सर्वांनाच होती. मूळ मसुद्यांत 'राज्यानें कोणतीही पदवी देऊं नये' एवढेंच सरसकट वाक्य होतें. १९४८ च्या डिसेंबरांत टी. टी. कृष्णम्माचारी यांनीं उपसूचना आणून लष्करी व विद्याविषयक सन्मान त्यांतून वगळले, आणि आज घटनेचें अठरावें कलम त्याच रूपांत आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर हे स्वतः एका सुभेदाराचे चिरंजीव. लष्करी हुद्द्यास व मानास खेड्यांत काय मोल असतें हें त्या सभागृहांत त्यांच्याइतकें कोणास कळत असेल, अशी मला शंका आहे. एवढ्याशा सवलतीमुळें सुभेदार हा सुभेदार राहिला आणि रावबहादुर मात्र साधा गृहस्थ झाला. पुढें १९९५ सालीं भारतरत्न व पद्म पुरस्कारांचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, तेव्हां न्यायालयानें ते पुरस्कार पदव्या नव्हेत असें ठरविलें, पण ते नांवाच्या मागें किंवा पुढें लावण्यास मनाई केली. परमवीरचक्राचीं अक्षरें मात्र शिपाई नांवापुढें लावतो आणि त्यास कोणी हरकत घेत नाहीं.

जुन्या पदकांविषयीं नव्या राष्ट्रानें समजसपणा दाखविला. ब्रिटिश अमदानींत युद्धांत मिळविलेलीं पदकें उतरवून ठेवा असें शिपायांस सांगितलें नाहीं. छातीवरच्या ओळींत भारतीय पदकें आधीं व तीं मागून, एवढाच क्रम बदलला. निमजचे जाधव २ ऑगस्ट १९८४ पर्यंत हयात होते, म्हणजे राजाच्या राज्यांत पंचवीस वर्षें आणि स्वतंत्र देशांत सदतीस वर्षें. त्यांचा क्रॉस दोन्ही राज्यांत क्रॉसच राहिला. पलटणींच्या निशाणांवरील रणसन्मानांबाबत मात्र असा समजसपणा चालला नाहीं: हिंदी राज्यांविरुद्धच्या लढायांचे सन्मान राष्ट्रास अप्रिय म्हणून बाजूस काढले गेले. हा भेद मला योग्य वाटतो. पलटण ही राज्याची आहे, तिनें कोणत्या लढाईचा अभिमान धरावा हें राज्यानें ठरवावें. शिपायानें सोबत्यास पाठीवर घेऊन नदी ओलांडली ती कोणत्या झेंड्याखालीं, हा हिशेब त्याच्याकडे मागणें अन्यायाचें आहे. किल्ल्यांत बसलेल्यांच्या बाजूसही मान मिळाला, पण उशिरानें. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षीं, १९७२ सालीं, स्वातंत्र्यसैनिकांस ताम्रपट व निवृत्तिवेतन देण्याची योजना निघाली. ताम्रपट हा शब्द शिलाहार-यादवांच्या दानपत्रांचा. तो कोणी सुचविला असेल त्यास सनदेचें मर्म कळलें होतें.

नगर शहराचा लष्करी वारसा तर पुढेंही चालूच राहिला. चिलखती दळाचें केंद्र व शाळा तेथें आहे. १९७१ च्या युद्धाचा भडका उडाला तेव्हां पुण्यांत जन्मलेले, पूना हॉर्सचे तरुण अधिकारी अरुण खेत्रपाल ह्याच शाळेंत शिकत होते. तेथून ते आपल्या रेजिमेंटांत रुजू झाले आणि १६ डिसेंबर रोजीं बसंतरच्या रणगाड्यांच्या लढाईंत एकविसाव्या वर्षीं धारातीर्थीं पडले. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. पण परमवीरचक्रें हाताच्या बोटांवर मोजण्यासारखीं. त्याच युद्धांतलीं पूर्वी तारा, पश्चिमी तारा आणि संग्राम पदक हीं सेवापदकें घरोघर आहेत, आणि कायद्याचा खरा प्रश्न त्या साध्या पदकांच्या बाबतींत उभा राहतो.

कायदा काय म्हणतो तें आतां पाहूं. १८६० च्या दंडविधानाचें १४० वें कलम असें होतें कीं, जो शिपाई नसून, आपण शिपाई आहों असें लोकांस वाटावें ह्या हेतूनें शिपायाचा पोशाख घालील किंवा शिपायाची खूण बाळगील, त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांचशें रुपयांपर्यंत दंड, अगर दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलांत आली, तिच्यांत हेंच कलम १६८ व्या क्रमांकावर आलें असून दंड दोन हजारांपर्यंत वाढविला आहे. वाचकांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. एक, कलमांत पदकाचें नांव नाहीं. 'पोशाख' आणि 'खूण' हे दोनच शब्द आहेत. दुसरी, फसविण्याचा हेतु असल्यावांचून गुन्हा होत नाहीं. नातू आजोबांचीं पदकें स्मृतिदिनीं लावून उभा राहिला तर तो गुन्हेगार नव्हे. विलायतेंत तर अशीं वारशाचीं पदकें उजव्या छातीवर लावण्याचा संकेतच आहे.

हा हेतूचा मुद्दा अमेरिकेस फार उशिरां उमगला. तेथें २००५ च्या कायद्यानें शौर्यपदक मिळाल्याचें खोटें सांगणें हाच गुन्हा ठरविला होता. कॅलिफोर्नियांतील एका पाणीपुरवठा मंडळाच्या सभासदानें सभेंत आपणांस सर्वोच्च पदक मिळाल्याची थाप मारली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ सालीं न्यायालयानें तो कायदाच रद्द केला, कारण नुसती बढाई हेंही भाषणस्वातंत्र्य! २०१३ सालीं नवा कायदा झाला त्यांत पैसा किंवा दुसरा प्रत्यक्ष लाभ उकळण्याचा हेतु असला पाहिजे अशी अट आली. इंग्लंडांत २०१६ सालीं पार्लमेंटांत असें एक खाजगी बिल आलें, पण तें तडीस गेलें नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं मेकॉलेच्या मसुद्यांतून उतरलेलें आपलें कलम ह्या बाबतींत अधिक शहाणें निघालें, हें कबूल केलें पाहिजे.

दुसरें कलम शिपायास स्वतःस बांधणारें आहे. १९५० च्या सैन्य कायद्याच्या ५४ व्या कलमांत, आपणांस मिळालेलें पदक जो विकील, गहाण टाकील, नष्ट करील किंवा विद्रूप करील त्यास लष्करी न्यायालय पांच वर्षांपर्यंत कैद देऊं शकतें. पदकाच्या चोरट्या विक्रीस एवढी मोठी शिक्षा पाहून वाचकांस आश्चर्य वाटेल. पण सैन्याची भावना अशी कीं पदक हें शिपायाचें असलें तरी केवळ त्याचेंच नव्हे. तिसरा कायदा १९५० चाच, बोधचिन्हें व नांवें यांच्या दुरुपयोगाविरुद्धचा. त्याच्या परिशिष्टांत सरकारनें स्थापिलेलीं पदकें आणि सन्मानचिन्हें आलीं आहेत. म्हणून कोणा व्यापाऱ्यास परवानगीवांचून आपल्या साबणाच्या वडीवर वीरचक्र छापतां येत नाहीं.

इतक्या कायद्यांची तटबंदी झाल्यावर पदक सुरक्षित आहे असें वाटेल. वस्तुस्थिति तशी नाहीं. सैन्य कायदा हा सेवेंत असलेल्यास लागू. शिपाई पेन्शनीत निघून गांवीं आला कीं तें कलम वेशीवरच थांबतें. त्याच्या मागें त्याच्या विधवेस, मुलास, नातवास तर तें कधींच लागू नव्हतें. तोतयास शिक्षा आहे, व्यापाऱ्यास मनाई आहे, पण खऱ्या पदकाची खरी मालकीण तें मोडींत काढीत असेल तर तिला अडविणारें कलम नाहीं. आणि तें नसावें हेंही एका अर्थीं बरोबरच. नगर जिल्ह्याचा मोठा भाग अवर्षणाचा. दुष्काळाच्या सालीं घरांत दाणा नसतांना पेटींतलें चांदीचें पदक सोनाराच्या तराजूंत गेलें तर त्या माउलीस कायद्याचा धाक दाखविण्यास कोणाची जीभ रेटेल? राज्यानें तिच्या धन्याच्या पराक्रमाची किंमत धातूंत दिली, तिनें ती धान्यांत बदलून घेतली. १९१४-१८ च्या युद्धाचीं चांदीचीं पदकें अशीं किती वितळलीं याची गणती होणें शक्य नाहीं. काशाचीं पदकें सोनारास नको होतीं म्हणून वांचलीं. मजुरांस कमी प्रतीचा धातु देण्यांत सरकारनें जो अपमान केला, त्याचा हा उलटा परिणाम कोणाच्या स्वप्नींही नसेल!

वांचलेल्या पदकांस आतां दुसरा धोका आहे, तो संग्राहकांचा. एकोणिसाव्या शतकांतील हिंदी शिपायांचीं पदकें लंडनच्या लिलावांत चांगल्या किंमतीस जातात, आणि व्हिक्टोरिया क्रॉससारख्या पदकाची किंमत तर सामान्य कुटुंबाच्या कल्पनेपलीकडची असते. ह्या बाबतींत १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा कांहींसा उपयोगी आहे: शंभर वर्षें उलटलेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तु खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेतां येत नाहीं. पहिल्या महायुद्धाचीं पदकें आतां ह्या वयांत आलीं आहेत. दुसऱ्या महायुद्धाचीं २०४५ च्या सुमारास येतील. निर्यातीस बंदी म्हणजे घरांतील जतन नव्हे, परंतु निदान दारावर एक कडी आहे.

माझ्या मतें ह्या साऱ्या कायद्यांहून उपयुक्त गोष्ट पदकाच्या कडेवर आहे. महाराष्ट्रांतील अनेक खेड्यांत पहिल्या महायुद्धानंतर बसविलेल्या संगमरवरी पाट्या वाचकांनीं पाहिल्या असतील. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतींत त्या अजून दिसतात. ह्या गांवांतून अमुक इतके पुरुष महायुद्धास गेले व त्यांपैकीं अमुक इतके कामास आले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. गेलेल्यांचा आंकडा आहे, मेलेल्यांचा आंकडा आहे. नांव एकाचेंही नाहीं. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नांवें आहेत, पण जे जगून परत आले व पुढें शेतांत राबून वारले त्यांचीं तेथें नाहींत. अशा माणसाचें नांव त्याच्या गांवांत जर कोठें कोरलेलें असेल तर तें बहुधा त्या पदकाच्या काठावर, दोन-तीन धान्यकणांएवढ्या जागेंत आहे. इनाम कमिशनच्या काळीं जें काम सनदेनें केलें तें काम ही बारीक ओळ करते, आणि पदक विकलें तरी ती आधीं उतरून घेतलेली असेल तर मान विकला जात नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं अशीं पदकें आहेत त्यांनीं तीं पुसून चकाकित करण्याच्या आधीं भिंगानें कडा वाचावी; घासून घासून अक्षरें जातात. नंबर, हुद्दा, नांव व पलटण जशीं कोरलीं आहेत तशींच, चुकीच्या स्पेलिंगासह, उतरून घ्यावीं, कारण दप्तरांतील नोंद त्याच स्पेलिंगानें सांपडते. जाधवांचा शोध कांहीं याद्यांत 'जादव' ह्या नांवाखालीं लागतो. मग त्या उताऱ्याची एक प्रत घरच्या कुळाच्या वहींत ठेवावी, आणि दुसरी नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत नेऊन दाखवावी.